आधी उतार, मग चढ : ग्रँड कॅन्यनला जाणाऱ्यांचे प्रश्न

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिकडेच राहणाऱ्या वाचकांचे ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही सगळ्यांच्या कामी येतील असे निवडले आहेत. मी स्वतः तिथे तीन वेळा गेलेय, तिन्ही वेळा वेगळ्या ऋतूत, त्यामुळे थोडं मोकळेपणानं लिहिते.

प्रश्न : ताई, जूनमध्ये आई-बाबा येतायत आमच्याकडे. लास व्हेगासला तीन रात्री बुक केल्यात आणि त्यातला एक दिवस ग्रँड कॅन्यनसाठी ठेवलाय. बाबांना तो काचेचा पूल बघायचाच आहे, आणि नॅशनल पार्कसुद्धा. आईचे गुडघे दुखतात, जास्त चालवत नाही. एका दिवसात दोन्ही होईल ना?

नाही होणार रे, आणि तू आधी विचारलंस ते फार बरं केलंस, कारण हा घोळ खूप जणांचा होतो. तो काचेचा पूल, म्हणजे स्कायवॉक, हा नॅशनल पार्कमध्ये नाहीच. तो आहे ग्रँड कॅन्यन वेस्टला, हुआलापाई या आदिवासी लोकांच्या स्वतःच्या जमिनीवर, २००७ साली सुरू झाला, तिकीट वेगळं, नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही. व्हेगासहून तो साधारण अडीच तासांवर. आणि पार्कचा जो मुख्य भाग, ज्याचे फोटो आपण लहानपणापासून बघितलेत तो साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिणेकडचा कडा, व्हेगासहून साडेचार तास. आणि एकातून दुसऱ्याकडे जायचं तर परत चार-पाच तासांचा रस्ता. दोन्ही नावांत 'ग्रँड कॅन्यन' आहे म्हणून लोकांना वाटतं एकाच आवारात असेल, तसं अजिबात नाहीये.

आता एकच दिवस असेल तर माझं स्पष्ट मत, साउथ रिम. पण व्हेगासहून जाऊन-येऊन नऊ तास गाडीत बसायचं, तेही गुडघेदुखी असलेल्या आईनं, आणि तिथे पोचायचं भर दुपारी, हे करू नकोस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही दुपारी साडेबाराला पोचलो होतो. समोर एवढी मोठी दरी, पण डोक्यावर ऊन असल्यामुळे सगळं सपाट, फिकट, धुरकट दिसत होतं, सावलीच नाही तर खोली कळणार कशी. आमच्यातल्या दोघांचे चेहरे पडलेले मला अजून आठवतात. मग त्याच संध्याकाळी सूर्य उतरायला लागला आणि एकेक सुळका, एकेक थर वेगळा होऊन पुढे यायला लागला, लाल, मग केशरी, मग जांभळा, आणि आम्ही सगळे गप्प. म्हणून व्हेगासची एक रात्र कमी कर आणि ती साउथ रिमला दे. एक संध्याकाळ आणि एक सकाळ मिळाली की ट्रिप वसूल.

राहायचं म्हणशील तर पार्कच्या आत कड्यालगतची हॉटेलं आहेत, एल तोवार हे तर १९०५ सालचं, पण त्यांचं बुकिंग तेरा महिने आधी उघडतं आणि भरतं पण पटापट. लोक रद्द करत असतात, त्यामुळे रोज एकदा साइट बघत राहायचं, मिळून जातं कधी कधी. नाहीच मिळालं तर पार्कच्या दाराबाहेर तुसायान गाव आहे, तेही महाग वाटलं तर तासाभरावर विल्यम्स किंवा दीड तासावर फ्लॅगस्टाफ. विल्यम्सहून जुन्या पद्धतीची रेल्वे थेट कॅन्यनच्या गावात येते, सव्वादोन तास लागतात, बाबांना आवडेल कदाचित.

आईच्या गुडघ्यांसाठी महत्त्वाचं. पार्कमध्ये फुकट शटल बस आहेत, व्हीलचेअर चढते त्यांच्यात. पश्चिमेकडचा हर्मिट रोड, जिथले पॉइंट सगळ्यात सुंदर आहेत असं मला वाटतं, तो मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो, फक्त लाल मार्गाची बस जाते. पण ज्यांना चालण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी एक परमिट मिळतं, प्रवेशाच्या गेटवर किंवा व्हिजिटर सेंटरला मागायचं, ते गाडीत दर्शनी लावलं की आपली गाडी आत नेता येते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग म्हातारी माणसं बसच्या रांगेत उन्हात उभी राहतात, मला फार वाईट वाटतं ते बघून. आल्या आल्या परमिट घ्या, संध्याकाळी होपी पॉइंटला जा, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेझर्ट व्ह्यूचा रस्ता, हा पूर्वेकडे जातो, चाळीस किलोमीटरच्या आसपास, स्वतःच्या गाडीनं जाता येतं आणि पार्किंगपासून दोन-चार मिनिटांतच कठडा. शेवटी १९३२ सालचा दगडी टेहळणी बुरूज आहे, मेरी कोल्टर नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी तिथल्या मूळ लोकांच्या जुन्या बांधकामांचा अभ्यास करून बांधलेला. त्या काळात एका बाईनं एवढी कामं केली तिथे, होपी हाउस, हर्मिट्स रेस्ट, दरीच्या तळाचं फँटम रँच, सगळी तिचीच. बुरुजाजवळून नदी मस्त दिसते, गावातल्या पॉइंटवरून ती जेमतेम तुकड्या-तुकड्यानं दिसते.

एक राहिलं, उंची. साउथ रिम २१०० मीटरवर आहे. बाबांना हृदयाचा किंवा श्वासाचा काही त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या, आणि पहिल्या दिवशी भराभर चालायचं नाही.

प्रश्न : हाय ताई, आम्ही पाच मित्र, सगळे सह्याद्रीतले ट्रेकर, आता नोकरीमुळे टेक्सासला. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड-तोरणा सगळं केलंय. मे अखेरीस लाँग वीकएंडला ग्रँड कॅन्यनच्या तळाशी नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर यायचा प्लॅन आहे. पाणी किती न्यायचं, किती वाजता सुरू करायचं?

अरे, तुमचा उत्साह मला कळतो, पण हा प्लॅन बदला. पार्कवाले स्वतःच ठिकठिकाणी पाट्या लावून सांगतात की एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा प्रयत्न करू नका. आणि ते अशाच लोकांसाठी आहे, तुमच्यासारख्या तरुण, फिट, आधी ट्रेक केलेल्या. दरवर्षी अडीचशेच्या वर लोकांना तिथे खालून सोडवून आणावं लागतं.

कारण सांगते. आपल्या गडांवर काय होतं, आधी चढ. दम लागला, पाय गेले, ऊन झालं, तर तिथूनच मागे फिरायचं, आणि परतीचा रस्ता उताराचा. शरीर वेळेवर सांगतं की बस आता. कॅन्यनमध्ये बरोब्बर उलटं आहे. सकाळी थंड हवेत ताज्या पायांनी तुम्ही उतरता, दोन तासांत कुठच्या कुठे जाता, सगळं सोपं वाटतं, आणि जिथे दमल्याचं कळतं तिथून चढ सुरू होतो, तोही दिवसातल्या सगळ्यात तापलेल्या वेळी. उतरणं आपल्या मर्जीवर, चढणं मात्र चुकत नाही. जितका वेळ उतरायला लागला त्याच्या दुप्पट वर यायला धरायचा.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे तापमान. आपल्याला सवय अशी की दरीत उतरलो की गारवा, झाडी, पाणी. इथे खाली वाळवंट आहे. दर तीनशे मीटर उतरलं की साधारण तीन अंश सेल्सियसनं हवा तापत जाते. जुलैत कड्यावर एकोणतीस-तीस अंश असतात तेव्हा तळाला एक्केचाळीसच्या आसपास, तेही सावलीत, आणि ट्रेलवर सावली कुठे आहे, उलट काळे खडक दिवसभर तापून उष्णता बाहेर टाकत असतात. मे अखेरीसही खाली अडतीसच्या वर सहज जातं. म्हणून उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात खालच्या ट्रेलवर चालत राहू नका असं रेंजर सांगतात. आता तुम्हीच हिशोब करा, साउथ कायबाब ट्रेलनं खाली अकरा किलोमीटर, ब्राइट एंजलनं वर पंधरा किलोमीटर, चढ तेराशे मीटरच्या वर. दहा ते चार कुठे बसणार तुम्ही?

तर काय करा. एक दिवस असेल तर पहाटे साउथ कायबाबला जा. तिथे खासगी गाडी नेता येत नाही, पहाटेची हायकर्स एक्स्प्रेस बस असते, ती पकडा. ऊह आह पॉइंट दीड किलोमीटरच्या आतच आहे, आणि नाव ठेवणाऱ्यानं बरोबर ठेवलंय, वळण घेतलं की समोर एकदम सगळं उघडतं. पुढे सीडर रिज, म्हणजे कड्यापासून अडीच किलोमीटरच्या आत, उतार साडेतीनशे मीटर. उन्हाळ्यात तिथूनच परत फिरा. या ट्रेलवर पाण्याचा एकही थेंब मिळत नाही, सगळं पाठीवर न्यायचं.

किंवा ब्राइट एंजल. त्यावर दीड मैलावर आणि तीन मैलांवर विसाव्याच्या जागा आहेत, आणि साडेचार मैलांवर हवासुपाई गार्डन्स, झाडं आहेत, झरा आहे. पूर्वी या जागेचं नाव वेगळं होतं, २०२२ साली बदललं, कारण तिथे पिढ्यान् पिढ्या हवासुपाई लोक शेती करून राहायचे आणि पार्क झाल्यावर त्यांना तिथून काढलं गेलं. तिथे बसाल तेव्हा हे लक्षात असू द्या. पण उन्हाळ्यात एका दिवसात तिथपर्यंत जाणंही खूप होतं, तीन मैलांचा टप्पा चांगल्या ट्रेकरला पुरे.

ट्रेलवरच्या नळांवर डोळे मिटून विसंबू नका. साउथ रिमचं पाणी पलीकडच्या नॉर्थ रिमखालच्या झऱ्यातून दरी ओलांडून एका पाइपलाइननं येतं, ती १९६०च्या दशकातली आहे आणि सारखी फुटते. फुटली की नळ बंद. निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर कुठले नळ चालू आहेत आणि कुठले ट्रेल बंद आहेत ते बघायचंच. आणि नुसतं पाणी ढोसत राहू नका, हे मी मुद्दाम सांगते कारण आपण 'पाणी पी, पाणी पी' एवढंच म्हणतो. घामातून मीठ जातं, आणि मीठ न घेता नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागतो, वेळेवर कळलं नाही तर जिवावर बेततं. चिवडा, खारे शेंगदाणे, मीठ-साखरेचं पाणी, हे दर अर्ध्या तासानं पोटात जाऊ दे, भूक नसली तरी. शर्ट आणि टोपी भिजवून घालायची, फार फरक पडतो.

मागच्या वेळी आम्ही वर येत असताना एक पंचविशीचा मुलगा कड्याला टेकून बसलेला दिसला, अर्ध्या लिटरची रिकामी बाटली हातात, ओठ पांढरे. मित्र पुढे निघून गेलेले. आम्ही त्याला सावलीत घेतलं, डोक्यावर पाणी ओतलं, खारं खायला दिलं, तासाभरानं बरा झाला. पाच जण जाताय ना, मग सगळ्यात हळू चालणारा पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे, कुणालाही एकटं सोडायचं नाही.

नदी गाठायचीच असेल, आणि गाठावी, मी नाही म्हणत नाही, तर खाली मुक्काम करा. तंबूत राहायला बॅककंट्री परमिट लागतं, त्याची काही महिने आधी लॉटरी असते. फँटम रँचला राहायचं तर त्याची लॉटरी पंधरा महिने आधी. दिवसाच्या चालण्याला मात्र काही परमिट लागत नाही. ऑक्टोबर मधला-अखेरीचा काळ धरा, हवा सुंदर असते. वाटेत खेचरांचा तांडा आला तर कडेच्या डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही, आणि त्यांचा माणूस सांगेल तसं.

प्रश्न : नमस्कार. तिथल्या सुळक्यांना विष्णू, ब्रह्मा, शिव अशी नावं आहेत असं ऐकलं. खरं आहे का, की कुणी आपलं पुढे ढकललंय?

अगदी खरं आहे काका, आणि हे ढकललेलं नाही. क्लॅरेन्स डटन नावाचे अमेरिकन भूवैज्ञानिक होते, त्यांनी या भागाचा अभ्यास करून १८८२ साली मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांना त्या सुळक्यांचे आकार पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले, म्हणून त्यांनी विष्णू टेंपल, शिव टेंपल अशी नावं दिली, आणि पुढे तीच पद्धत चालू राहिली. ब्रह्मा टेंपल आहे, बुद्ध टेंपल आहे, झोरोॲस्टर टेंपल आहे, विष्णूच्या जवळच राम श्राइन आणि कृष्ण श्राइनही आहेत. माथेर पॉइंट किंवा याकी पॉइंटला उभं राहिलं की ब्रह्मा आणि झोरोॲस्टर शेजारी-शेजारी दिसतात, आणि विष्णू बघायला ग्रँडव्ह्यू पॉइंट चांगला.

मला मात्र याहून जास्त भावतं ते वेगळंच. दरीच्या अगदी तळाला जो काळपट खडक आहे त्याचं नाव विष्णू शिस्ट. वय सुमारे १७५ कोटी वर्षं. आणि तुम्ही ज्याच्यावर उभे असता तो वरचा कायबाब चुनखडक २७ कोटी वर्षांचा, त्यात समुद्रातल्या जिवांचे ठसे सापडतात, म्हणजे ही २१०० मीटर उंचीची जागा एके काळी समुद्राखाली होती. दरी कोरण्याचं काम कोलोरॅडो नदीनं केलं ते या मानानं अगदी काल-परवाचं, पन्नास-साठ लाख वर्षांतलं. याव्हापाई इथल्या भूविज्ञान संग्रहालयापासून गावाकडे एक सपाट वाट जाते, ट्रेल ऑफ टाइम, तिथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं असं माप धरून खुणा केल्यात आणि त्या-त्या काळातले खडक ठेवलेत, हात लावून बघता येतात. काका, तुम्ही हे जरूर करा, सावकाश, सकाळच्या वेळी. मी माझ्या सासऱ्यांना घेऊन गेले होते, ते निवृत्त भूगोलाचे शिक्षक, विष्णू शिस्टच्या दगडावर हात ठेवून पाच मिनिटं उभे होते.

प्रश्न : प्रवेश फी परदेशी लोकांना वाढवली म्हणे? आम्ही दोघं भारतातून येणार, ग्रँड कॅन्यनबरोबर झायन आणि ब्राइस पण करायचंय.

हो. साधी फी गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालते. पण १ जानेवारी २०२६ पासून अकरा मोठ्या पार्कमध्ये, त्यात तुमची ही तिन्ही येतात, अमेरिकेत न राहणाऱ्या सोळा किंवा त्याहून जास्त वर्षांच्या प्रत्येकाला १०० डॉलर जास्तीचे भरावे लागतात, वार्षिक पास नसेल तर. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा. तीन पार्क म्हणजे एका माणसाचेच तीनशे झाले, त्यामुळे तुमच्या बाबतीत पास घेणंच शहाणपणाचं. ऑनलाइन घेऊन ठेवा आणि पासपोर्ट जवळ बाळगा. मुला-मुलीच्या नावावरचा ८० डॉलरचा रहिवाशांचा पास असतो त्याला त्यांचं तिथलं फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं, ते नसताना तो पास तुम्ही दोघांनी वापरायचा नाही.

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत चार आणि सात वर्षांच्या मुलांना घेऊन जावं का? थंडी फार असते का, आणि मुलं कंटाळतील का?

जा की! बर्फ पडलेला असताना लाल कडे जसे दिसतात तसे कधीच दिसत नाहीत, आणि गर्दी कमी. साउथ रिम वर्षभर उघडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हर्मिट रोडवर स्वतःची गाडीही नेता येते, हा मोठाच फायदा. थंडी कडक असते, रात्री शून्याच्या बरीच खाली, तेव्हा मुलांना थरावर थर घाला, हातमोजे दोन जोड. बर्फाचं वादळ आलं तर रस्ते बंद होऊ शकतात म्हणून पुढचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका. ट्रेलचा वरचा भाग गोठून काचेसारखा झालेला असतो, मुलांना घेऊन खाली उतरूच नका, वरची रिम ट्रेल पुरेशी आहे.

आणि माझ्या मनातली खरी काळजी, कठडे. मोजक्या पॉइंटलाच कठडा आहे, बाकी मैलोन् मैल कडा उघडा. चार वर्षांच्या मुलाचा हात सोडायचा नाही म्हणजे नाही, फोटोसाठी सुद्धा नाही. मोठी माणसंही उलटं चालत चालत फोटो काढतात तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

कंटाळणार नाहीत. व्हिजिटर सेंटरला ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागा, फुकट असते, त्यातली कामं पूर्ण केली की रेंजर मुलांकडून शपथ घेऊन बॅज देतात, माझ्या भाचीनं तो बॅज वर्षभर दप्तराला लावला होता. एल्क, म्हणजे मोठी हरणं, दिसतील, गावातच फिरत असतात, तीस मीटर लांब राहायचं. खारी गोड दिसतात पण चावतात, खायला घालायचं नाही. कधी नशिबानं कॉन्डोर हे मोठं गिधाड दिसतं, पंखांचा पसारा जवळजवळ तीन मीटर, हे पक्षी नामशेष व्हायला आले होते, १९९६ पासून त्यांना ॲरिझोनात परत सोडायला लागले. आणि रात्री दहा मिनिटं तरी मुलांना गुंडाळून बाहेर आणा. २०१९ पासून हे अधिकृत डार्क स्काय पार्क आहे, दिवे मुद्दाम मंद ठेवतात, आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

प्रश्न : नॉर्थ रिम जास्त शांत असतो असं ऐकलं. साउथहून एका दिवसात जाऊन येता येईल?

नकाशावर समोरासमोर सोळा किलोमीटर, पण मध्ये दरी आहे, रस्ता सुमारे साडेतीनशे किलोमीटर फिरून जातो, चार-पाच तास एका बाजूनं. एका दिवसात नको. शिवाय जुलै २०२५ मध्ये तिथे मोठा वणवा लागला, जुनं ग्रँड कॅन्यन लॉज त्यात जळून गेलं, बऱ्याच इमारती गेल्या. एरवी नॉर्थ रिम मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत उघडा असतो, पण आता काय उघडलंय काय नाही ते पार्कच्या साइटवर बघितल्याशिवाय त्या बाजूला काहीही बुक करू नका. तेवढेच दिवस हातात असतील तर साउथ रिमवरून डेझर्ट व्ह्यूमार्गे पेज या गावाकडे निघा, हॉर्सशू बेंड हे नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण बघा, अँटिलोप कॅन्यन नावाहो लोकांच्या जमिनीवर आहे, तिथे त्यांच्या गाइडबरोबरच जाता येतं, आधी बुकिंग लागतं. आणि बुकिंग करताना कुठली वेळ ते विचारून घ्या, कारण ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत आणि नावाहो भागात करतात, फोन आपोआप तासानं मागे-पुढे होतो आणि टूर चुकते. आमची तशीच चुकली होती.